कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?

(रावेर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडं आटोपशीर करून.)

"ताई, माझी चार एकर केळी आहे. मुलगा वीस वर्षांचा. जळगावला दुसऱ्या वर्षाला आहे, तीन मित्रांसोबत खोली करून राहतो. मागच्या महिन्यात पोलिसांनी खोलीवर धाड टाकली, गांजाची पुडी सापडली. दुसऱ्या दिवशी पेपरात 'नशेखोरांची टोळी जेरबंद' अशी बातमी. चौघांची नावं, गावं, सगळं. 'झिंगलेल्या अवस्थेत', 'रॅकेटचा संशय', 'तरुणाई विळख्यात'. सकाळी नऊच्या आत कात्रण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मी त्याला घरी आणलं, मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद केलं. तो कबूल करतो की वर्षभरापासून शनिवारी मित्रांसोबत ओढायचा. पण म्हणतो, 'नाना, पेपरवाले खोटं लिहितात. गांजाने काही होत नाही, कॅनडात दुकानात मिळतो.' माझ्या मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. मेहुणे म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका, डांबून ठेवतील तर सुधरेल. मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं, त्यांचे फोन बंद झाले. बायको जेवत नाही. पेपर खरा मानू की पोराचं? आणि टाकू का त्याला केंद्रात?"

भाऊ,

दुसऱ्या प्रश्नाची घाई आहे, म्हणून तो आधी घेते. पोराला केंद्रात डांबू नका. मेहुण्यांनी गाडी ठरवली असेल तर आजच नाही म्हणून सांगा. का ते पुढे येईलच.

आता पेपर खरा की पोरगा. तुम्ही पोराला समोर बसवून विचारलंत आणि त्यानं कबूल केलं, शनिवारी ओढतो म्हणाला. एवढं साधं काम त्या बातमीत कोणी केलेलं नाही. बातमी तयार कशी होते, सांगते. रात्री पोलीस ठाण्याकडून वार्ताहरांच्या ग्रुपवर प्रेस नोट येते. किती ग्रॅम, किती किमतीचा मुद्देमाल, कोणत्या साहेबांच्या मार्गदर्शनाखाली कोणत्या पथकाने कारवाई केली, हे तिच्यात असतं. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी धड पगार नसतो आणि पान लागायच्या आत मजकूर द्यायचा असतो. तो 'झिंगलेल्या अवस्थेत' घालतो, वरच्या टेबलावरचा माणूस 'टोळी' घालतो. चार पोरं एका खोलीचं भाडं वाटून भरत होती, तर त्यांची टोळी झाली. त्यांच्या घरी कोणी गेलं नाही, डॉक्टरला विचारलं नाही. पुढे कोर्टात काय निकाल लागेल, तो छापायलाही बहुधा कोणी येणार नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली, तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा तोच विषय होता. मे २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झालं आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याचं नाव त्यात आलंच नाही. तुमच्या गावात किती जणांना पहिली बातमी आठवते आणि किती जणांना दुसरी, विचारून पाहा.

हे फार जुनं दुखणं आहे. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने भांग, गांजा, चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्या काळी सातपुड्यापलीकडे, खंडव्याच्या बाजूला, सरकारी परवान्याने गांजा पिकत होता. म्हणजे तुमच्या शिवारापासून फार लांब नाही. तेव्हा सरकारदरबारी समज असा होता की वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. इस्पितळांचे आकडेही तसंच सांगत होते. आयोगाने एक काम नेटानं केलं: १८९२ सालात दाखल झालेल्यांची प्रकरणं एकेक करून उघडली. गांजा-भांगेने वेड लागलं अशी नोंद असलेल्या २२२ जणांपैकी चौकशीनंतर ९८ जणांचीच नोंद टिकली. मग बाकीच्यांच्या कागदावर गांजा आला कुठून? रुग्णासोबत जो कागद यायचा, त्यात 'कारण' असा एक रकाना असायचा. तो भरणं भाग होतं, आणि भरणारा पुष्कळदा पोलीस असायचा. माणूस कधीमधी चिलीम ओढतो एवढं कळलं की रकान्यात गांजा. घरात काय घडलं, ताप डोक्यात गेला होता का, घराण्यात आधी कोणाला असा त्रास होता का, हे विचारायला वेळ कोणाला होता?

तुमच्या पोराच्या बातमीतही तो रकाना असाच भरला गेला आहे.

आणि कधीकधी तो रकाना मुद्दाम कोरा सोडतात. हे मी स्वतःच्या घरावरून सांगते. माझा थोरला भाऊ दारूने गेला. अकरा वर्षं आम्ही ते बघत होतो. हळदीत नाचताना लोक त्याच्या हातात ग्लास द्यायचे, तो पडला की तेच लोक उचलून घरी आणून टाकायचे. शेवटी पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी झाली. पेपरात निधनाची चौकट आम्हीच दिली. तिच्यात लिहिलं, 'अल्पशा आजाराने'. अकरा वर्षांचा आजार अल्पसा कसा? पण मीही तेव्हा गप्प बसले. माझा भाऊ कधी 'तरुणाई विळख्यात'मध्ये आला नाही, कारण तो देशी पीत होता, परवान्याच्या दुकानातून घेत होता आणि लग्नात सगळ्यांबरोबर पीत होता. तुमच्या मुलाची पुडी बातमी झाली. माझ्या भावाची अकरा वर्षं कुठेच छापून आली नाहीत.

आकडेही बघा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस मिळून घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे ५ कोटी ७० लाख, गांजा-भांगेमुळे ७२ लाख. आणि दारूच्या पुऱ्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. तंबाखूची तर बातमीच होत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि रिकाम्या पुड्या एसटी स्टँडवर पायाखाली येतात.

मी गांजाची वकिली करत नाही, भाऊ. बातम्यांची टिंगलही करत नाही. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीच्या आड गांजा लावलेला सापडतो, ते छापून यायलाच हवं. फक्त त्या बातमीत किती किलो आणि किती लाखांचा एवढंच येतं. बी कोणी दिलं, माल कोण उचलणार होता, शेतकऱ्याच्या हातात त्यातले किती पडणार होते, हे क्वचितच येतं. तिथेही रकाना पहिल्याच दिवशी भरून मोकळे.

पण माझं खरं दुःख वेगळं आहे. अशा बातम्यांनी पोरं वाचत नाहीत, उलट आपल्या हातून सुटतात. तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. वर्षभर शनिवारी ओढलं, परीक्षाही पास झाला, मित्रही धडधाकट आहेत. पेपर सांगतो, एक कश आणि आयुष्य संपलं. तो स्वतःकडे बघतो आणि ठरवतो की पेपर खोटं बोलतो. पेपर वाचून तुम्ही तेच बोललात की तुम्हीही खोटे. मग उद्या एखादा मित्र त्याच्या हातावर गोळी ठेवेल. मालेगाव-धुळ्याकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती. ती अल्प्राझोलमची असते. घाबरेपणासाठी डॉक्टर चिठ्ठीवर देतात ते हे औषध. दारूबरोबर घेतली तर माणसाचा श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि रोज घेणाऱ्याने एकाएकी बंद केली तरी फिट येऊ शकते. किंवा एमडी ठेवेल. म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. पुडीत आणखी काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या दिवशी तुम्ही 'याला हात लावू नको' म्हणाल आणि ते शंभर टक्के खरं असेल. पण तुमचा शब्द आधीच खर्ची पडला असेल. बापाचा शब्द जपून ठेवायची वस्तू आहे. तो 'टोळी' आणि 'विळखा' यांच्यावर उधळू नका.

आता पोराची बाजू. तोही तुम्हाला अर्धंच दाखवतोय. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, खरं आहे. पण तिथेही अठरा-एकोणीस वर्षांखालच्यांना विकायला बंदी आहे, आणि क्यूबेक प्रांतात तर ही मर्यादा २१ ची आहे. म्हणजे तुमच्या वीस वर्षांच्या मुलाला तिथल्या दुकानातून हात हलवत परत यावं लागलं असतं. हे त्याला सांगा, व्हिडिओत ते नसतं. नुसत्या गांजाच्या जास्त मात्रेने माणूस दगावल्याची उदाहरणं जवळपास नाहीत, हेही खरं. त्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. ओढून पाहणाऱ्या साधारण दहांतल्या एकाला त्याची सवय जडते. किशोरवयात सुरुवात केली तर सहांतल्या एकाला. रोज आणि कडक माल ओढणाऱ्यांत भास होणं, संशय येणं, डोकं फिरणं याचा धोका वाढतो. घराण्यात कोणाला असा मानसिक आजार असेल तर फारच. तुमच्याकडे असं कोणी होऊन गेलं आहे का? एखादे काका, आजोबा, ज्यांच्याबद्दल घरात बोलत नाहीत? असतील तर मुलाला सांगा. त्याच्यासाठी ही सगळ्यात मोलाची माहिती आहे आणि कोणत्याही पेपरात ती मिळणार नाही. २२२ मधले ९८ खरेच होते, भाऊ. तेही विसरायचे नाहीत.

आणखी दोन गोष्टी. पोरं बहुधा गांजा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणजे गांजा सुटला तरी तंबाखू चिकटून राहते. आणि ओढून मोटारसायकलवर बसणं. तासाभरात शुद्धीवर आलो असं वाटतं, पण अंदाज चुकलेलाच असतो. तुम्हाला एकच गोष्ट त्याच्याकडून वदवून घेता आली, तर ही घ्या: ओढल्यावर गाडी चालवायची नाही आणि ओढलेल्याच्या गाडीवर बसायचंही नाही.

मग त्याला व्यसन लागलंय का? तुमच्यासारख्या केळीवाल्याला हे मी काय समजावणार. पान पिवळं पडलं की तुम्ही लगेच झाड उपटत नाही. सीएमव्ही हा विषाणूचा रोग असेल तर उपटून नष्टच करावं लागतं, नाहीतर बाग जाते. पण पाणी जास्त झालं, खत कमी पडलं, मुळाशी काही झालं, तरीही पान पिवळंच पडतं. आधी बुडाशी जाऊन बघता ना? तसंच बघा. शनिवारचं रोजावर आलं होतं का? सकाळी उठल्याबरोबर लागायचं का? पूर्वी जेवढ्यानं भागायचं तेवढ्यानं भागेनासं झालं का? सोडायचं ठरवून सुटलं नाही असं कधी झालं का? कबड्डी, क्रिकेट, जुने मित्र, गावाकडच्या फेऱ्या यातलं काय काय बंद पडलं? आता महिनाभर तो घरी आहे. पहिले आठ-पंधरा दिवस झोप उडाली, चिडचिड झाली, जेवण गेलं, असं काही दिसलं का? की चिडचिड फक्त मोबाइल काढून घेतल्याची आहे? शनिवारी मित्रांत ओढणारा आणि सकाळी चिलिमीशिवाय अंथरूण न सोडणारा, या दोघांना पेपर एकच शब्द वापरतो, 'नशेखोर'. डॉक्टर तसं करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगात २९ कोटी ६० लाख लोकांनी कुठलं ना कुठलं अमली द्रव्य घेतलं होतं, आणि त्यातल्या ३ कोटी ९५ लाखांची अवस्था आजार म्हणावी अशी होती. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला आहे, ते मला इथे बसून सांगता येणार नाही आणि मेहुण्यांनाही नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. ओपीडीत दाखवायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याआधी बोलायचं असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, आणि १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी फोन. दोन्ही फुकट. पहिला फोन तुम्ही तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी करा, मुलाबद्दल नंतर बोला.

केंद्राचं आता सांगते. तुमचा मुलगा सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि त्या कायद्याने घातलेल्या कडक अटी पाळल्याशिवाय सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करून ठेवता येत नाही. अशा केंद्राची त्या कायद्याखाली नोंदणीही लागते. उद्या डॉक्टरांनीच दाखल करा म्हटलं, तर पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा, दुसरा डॉक्टर रोज येतो का हा. साखळी, मारहाण, 'घरच्यांनी तीन महिने भेटायचं नाही' असं काही कानावर आलं तर पायरीवरूनच मागे फिरा. आणि याच कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय पेपर-टीव्हीला देता येत नाही. त्यामुळे डॉक्टरकडे गेलो तर तेही छापून येईल, ही भीती काढून टाका.

पोलीस केसकडे दुर्लक्ष करू नका. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाणात' मोडतो, आणि जवळ बाळगल्याचं कलम लागलं असेल तर त्यासाठी वर्षापर्यंत कैद आहे. विकणाऱ्याची, मोठ्या साठ्याची शिक्षा फार वेगळी. म्हणून 'रॅकेट' हा शब्द फक्त पेपरात आहे की एफआयआरमध्येही आहे, हे सगळ्यात आधी बघायचं. एफआयआरची प्रत घ्या, कलमं वाचा, या कामातला वकील धरा. त्याच कायद्यात ६४अ हे कलम आहे: जो व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला अल्प प्रमाणाच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. तुमच्या प्रकरणात ते बसतं का, वकिलाला विचारा. बातम्यांच्या गर्दीत हे कलम मी एकदाही छापलेलं वाचलं नाही. त्याची खरी गरज तुमच्यासारख्या घरांना आहे.

पेपराशी भांडायचं का? सज्ञान आरोपीचं नाव छापणं हा गुन्हा नाही, हे आधी मनाशी मान्य करा. चौघांत कोणी अठराच्या आतला असेल तर गोष्ट बदलते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख उघड करता येत नाही. बाकी, एफआयआरमध्ये 'टोळी', 'रॅकेट' नसेल तर संपादकांना एक पानाचं पत्र लिहा. शिव्या नकोत, विनवणी नको. कागदात काय आहे आणि तुम्ही काय छापलंत, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा आणि दुरुस्ती मागा. उत्तर आलं नाही तर पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत बातमी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि आधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं. तुमचा एक महिना गेला आहे. जमलं तर करा, नाही जमलं तर पोराला वेळ द्या. माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. त्या वार्ताहरालाही एकदा भेटा. तो आपल्यातलाच कोणाचा तरी पोरगा आहे. निकाल लागेल तेव्हा तोही छाप, एवढंच सांगा.

सोयरिकीच्या माणसांना तुम्ही स्वतः फोन करा. त्यांच्याकडे कात्रण पोचलेलंच आहे, तुमचं बोलणं पोचलेलं नाही. झालं ते झालं, पोराला डॉक्टरकडे नेतोय, केस आहे, वकील दिलाय. एवढं सांगा आणि थांबा. त्यावर ते नाही म्हणाले तर मुलीला सांगा की यात तिची काही चूक नव्हती. तिच्याशी या महिन्यात कोणी बोललंय का? तुमच्या पत्रात ती फक्त सोयरिकीपुरती आली, म्हणून विचारते.

मुलाशी घरात, सगळ्यांसमोर बोलू नका. सकाळी ठिबकच्या नळ्या बघायला जाता तेव्हा सोबत न्या. काम करता करता माणूस डोळ्यांत न बघता बोलू शकतो, ते दोघांनाही सोपं जातं. सुरुवात तुमच्याकडून करा. म्हणा, पेपरानं टोळी लिहिलं ते खोटं, हे मला पटलंय. मग म्हणा, आता तू मला खरं सांग, पहिल्यांदा कधी, कोणी दिला, कशासाठी लागतो. 'कशासाठी' या प्रश्नापाशी थांबा आणि मध्ये बोलू नका. झोप येत नाही म्हणेल, खोलीवर एकटं वाटतं म्हणेल, इंग्रजीतलं शिकवलेलं कळत नाही म्हणेल, किंवा नुसतं मजा येते म्हणेल. जे म्हणेल तेच त्या रकान्यात लिहायचं. खोडायचं नाही.

मोबाइल आज परत द्या. कॉलेजात परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे ते त्याच्याकडूनच विचारून घ्या, आणि पहिल्या दिवशी त्याच्यासोबत तुम्ही जा. खोली बदलायची असेल तर बदला. आणि त्या बाकीच्या तीन पोरांचे बापही तुमच्यासारखेच ओट्यावर येणं बंद करून घरात बसले असतील. त्यांचे नंबर मुलाकडून घ्या आणि संध्याकाळी एकेकाला फोन लावा.

तुमची,
ताई